बिस्किटांच्या डब्याला टेकवलेलं चित्र

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. हे आधीच सांगून टाकतो, कारण सांगायला मला आवडतं. बाबा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीत शिपाई होते. माझ्या बी.ए.च्या प्रमाणपत्राला त्यांनी काचेची चौकट करून घेतली आणि देव्हाऱ्याच्या वरच्या खिळ्याला टांगली. त्यामुळे आमच्याकडे देवाला हात जोडणाऱ्याची नजर आधी माझ्या भूगोलातल्या प्रथम श्रेणीवर पडते आणि मग गणपतीवर.

असा माणूस रोज सकाळी टॅरोचा एक पत्ता काढतो आणि वहीत दोन ओळी लिहितो, हे ऐकून आमच्याकडचे लोक हसतील. हसू द्या. चार वर्षं झाली, सवय सुटलेली नाही. भविष्य मी तेव्हाही मानत नव्हतो, आजही मानत नाही.

हे सुरू झालं तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. पुण्यात कर्वेनगरला एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी एका खोलीत भाड्याने राहत होतो, आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत पाच वेळा नापास झालो होतो. नापास हा शब्द अभ्यासिकेत कुणी वापरत नाही. ‘पूर्व निघाली नाही’, ‘मेन्सला थोडक्यात गेलं’ असं म्हणतात. माझं दोनदा थोडक्यात गेलं होतं आणि तीनदा चांगलंच गेलं होतं. आता सहाव्यांदा फॉर्म भरायचा, की बाबांना फोन करून सांगायचं, की बाबा, हे माझ्याने होणार नाही? एवढा एकच प्रश्न होता. पण तो सकाळी दात घासताना समोर उभा राहायचा आणि जेवताना ताटाशेजारी येऊन बसायचा.

बाबांनी तीस वर्षं तहसीलदाराची खुर्ची पुसली. त्या खुर्चीत एक दिवस त्यांचा मुलगा बसणार, हे कचेरीतल्या कारकुनापासून बाहेरच्या चहावाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. गावी गेलो की चहावाला उठून उभा राहायचा आणि म्हणायचा, “या सायब.” पहिल्या वर्षी बरं वाटायचं. पाचव्या वर्षी मी चहा घरीच पिऊन निघायला लागलो.

घरमालकीण काकू एका शाळेत चित्रकला शिकवायच्या. आमच्यात एक करार होता. त्यांचं वर्तमानपत्र सकाळी सात वाजता आधी मी वाचायचं, चालू घडामोडींसाठी, आणि साडेसातला परत द्यायचं. त्यावर खूण करायची नाही, घडी बदलायची नाही. एकदा माझ्याकडून अग्रलेखाखाली पेन्सिलची रेघ राहून गेली. काकू एवढंच म्हणाल्या, “मला कळतं हो, कुठलं वाक्य महत्त्वाचं आहे ते.” त्यानंतर रेघ राहिली नाही.

अशाच एका सकाळी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बिस्किटांच्या डब्याला टेकवून एक पत्ता उभा ठेवलेला दिसला. काकू कपात चहा घेऊन त्याच्याकडे एकटक बघत होत्या.

“काकू, हे भविष्याचे पत्ते ना?”

“असतील. मुलीने परदेशातून पाठवलेत. तिकडे लोकांना वेळ फार असतो.”

“आणि तुम्ही बघता भविष्य?” माझ्या आवाजात पदवी आली असावी.

“अहो नागपूरकर, या वयात भविष्य बघून काय करू? मी चित्र बघतेय.”

“यवतमाळ,” मी म्हणालो.

“तेच ते. तुम्हाला काय दिसतंय सांगा.”

मी बघितलं. एक बाई बसली होती, दोन्ही हातांत तलवारी, छातीपाशी फुली करून धरलेल्या. “मागे समुद्र आहे,” मी म्हणालो. “खडक उघडे पडलेत. ओहोटी असणार.”

“डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई नाही दिसली?”

“दिसली की.”

“नंतर दिसली. आधी ओहोटी दिसली.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “मजेशीर माणूस आहात.”

मग त्यांनी आपली पद्धत सांगितली. रोज सकाळी गड्डी पिसून एकच पत्ता काढायचा. दोन मिनिटं नुसता बघायचा. वहीत एका ओळीत लिहायचं काय दिसलं, आणि दुसऱ्या ओळीत, त्यावरून स्वतःचं काय आठवलं. पत्त्यांबरोबर अर्थ सांगणारी एक पुस्तिका आली होती, ती त्यांनी कपाटात साड्यांखाली ठेवून दिली होती. “अर्थ वाचला की माणूस बघायचं थांबतो,” असं त्यांचं म्हणणं. “वर्तमानपत्र घ्यायला येताच, तेव्हा बघत जा. वही तुमची, पत्ता माझा.”

मी हो म्हणालो. खरं कारण सांगतो. अभ्यास न करण्यासाठी मला एक सुशिक्षित निमित्त हवं होतं.

पण पाच वर्षं स्पर्धा परीक्षेची तयारी केलेल्या माणसाच्या हातात तुम्ही काहीही द्या, तो त्याचा अभ्यासक्रम करतो. पुस्तिका साड्यांखाली असली तरी फोन माझ्या खिशात होता. मी तीन दिवस अभ्यासिकेत बसून अठ्ठ्याहत्तर पत्त्यांचे अर्थ उतरवून काढले. मुख्य पत्ते बावीस, उरलेले छप्पन चार गटांत. तलवारींना निळा हायलायटर, पेल्यांना गुलाबी, नाण्यांना पिवळा, काठ्यांना हिरवा. लक्षात राहायला अक्षरं जोडून सूत्रं बनवली. शेजारच्या खुर्चीवरच्याने विचारलं, “नवीन पॅटर्न आहे का रे?” मी म्हणालो, “ऑप्शनल.”

मग वहीत चार रकाने आखले. पत्ता, माझं उत्तर, बरोबर उत्तर, गुण. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा.

पंधरा दिवसांनी ती वही मी काकूंपुढे ठेवली. मला कौतुक हवं होतं, खोटं कशाला बोलू. त्यांनी चष्मा लावला, पानं उलटली.

“सरासरी बासष्ट टक्के आहे,” मी म्हणालो. “तलवारींत कच्चा आहे, पण पेले पक्के झालेत.”

“वा,” काकू म्हणाल्या. “म्हणजे स्वतःबद्दल विचार करण्यात तुम्ही पहिल्या वर्गात आलात.”

मी ते कौतुक समजलो.

“एक सांगा. तुम्हाला त्या पत्त्यावरून जे आठवलं, ते चूक, असं तपासलं कुणी?”

“उत्तरतालिका आहे ना.”

“हो का. तुमच्या मनाची उत्तरतालिका फोनवर आहे, हे मला माहीत नव्हतं.” त्यांनी वही मिटली, माझ्या रंगीत टिपणांचा गठ्ठा उचलला आणि आत गेल्या. कपाटाचं दार वाजलं. “खोली सोडाल तेव्हा परत मिळतील,” आतून आवाज आला. “अनामत रकमेबरोबर.”

मला राग आला होता. तरी दुसऱ्या दिवशी सातला मी गेलोच, कारण वर्तमानपत्र तिथेच होतं. डब्याला टेकून एक माणूस झाडाला एका पायाने उलटा लटकलेला होता. याचा अर्थ मला पाठ होता. मी मुद्दाम तो आठवला नाही. बघत राहिलो. मग लिहिलं: ‘उलटा आहे पण चेहरा शांत आहे. याला कुणी विचारत नाही, निकाल कधी आहे.’ दुसरी ओळ लिहायची गरज पडली नाही.

रकाने आखणं बंद झालं. वही साधी चालू राहिली. कधी काहीच सुचायचं नाही, तेव्हा ‘आज काही नाही’ असं लिहायचो. तीही ओळच, असं काकूंचं म्हणणं. त्या माझी वही वाचत नव्हत्या. फक्त मी दोन मिनिटं पूर्ण बसतो की नाही, ते चहा गाळता गाळता बघायच्या.

याच दिवसांत मी आणखी एक गोष्ट करत होतो, जी मी कुणाला सांगितली नव्हती. अभ्यासिका कसब्यात होती. सकाळी आठला जाऊन मी माझ्या जागेवर पिशवी ठेवायचो, पाण्याची बाटली ठेवायचो, पुस्तक उघडून ठेवायचो. मग बाहेर पडायचो. तांबट आळीत ठोके चालू झालेले असायचे, ते ऐकत उभा राहायचो. तिथून एखाद्या बोळात शिरायचो आणि तो कुठे निघतो ते बघायचो. कुठला बोळ देवळामागे बंद होतो, कुठला वाकडा होत होत मोठ्या रस्त्याला लागतो. दुपारी जागेवर परत येऊन वहीच्या मागच्या पानावर ते काढायचो. आधी नुसत्या रेघा असायच्या. मग मी पावलं मोजून प्रमाण धरायला लागलो. माझी पिशवी मात्र रोज आठ तास अभ्यास करत होती.

जाहिरात आली. फॉर्म भरायला एकवीस दिवस होते. वीस दिवस मी फॉर्म भरला नाही आणि फोनही केला नाही. बाबांचा फोन यायचा. ते विचारायचे, जेवला का, पाऊस हाय का. मी सांगायचो, जेवलो, नाही. परीक्षेचं नाव दोघेही काढत नव्हतो. मी समजायचो, ते माझ्यावर दडपण नको म्हणून गप्प आहेत. म्हणजे आशा अजून आहेच.

एकविसाव्या दिवशी सकाळी काकू बँकेत गेल्या होत्या. टेबलावर गड्डी होती. आमच्याकडे काही ठरेना झालं की आई देवापुढे चिठ्ठ्या टाकते, ‘हो’ची एक, ‘नाही’ची एक. मी शिकलेला, त्यामुळे मी लहानपणापासून त्याला हसत आलो. त्या दिवशी मी पत्ते पिसले, मनात विचारलं, भरू का फॉर्म, आणि एक पत्ता काढला. पटला नाही. दुसरा काढला. मग म्हटलं, तीनात दोन. मग पाच.

दार उघडून काकू आत आल्या. टेबलावर सात पत्ते मांडलेले होते.

“काय चाललंय?”

“काही नाही. विचारत होतो.”

“सात जणांना? मग? काय म्हणाले?”

“एकमत नाही.”

त्यांनी चपला काढल्या, पाय धुतले, आधण ठेवलं. मग माझ्यासमोर बसल्या. “मनात आधीच जे ठरलंय, तसा पत्ता येईपर्यंत तुम्ही काढत राहणार. मग हेच जरा लवकर होईल असं करा. वही आणा. मला नका दाखवू. तुम्ही वाचा.”

मी वही आणली. पहिल्यांदाच सलग वाचली. साधारण दोन महिन्यांच्या ओळी होत्या. पत्ता दर दिवशी वेगळा आणि ओळ जवळजवळ तीच.

आठ पेले नीट रचून ठेवून एक माणूस पाठमोरा चाललाय, तिथे मी लिहिलं होतं: ‘पेले फोडले नाहीत, नीट लावून ठेवलेत. मग जायला हरकत नाही.’ हातात कंदील घेतलेल्या म्हाताऱ्याखाली: ‘हा उंचावर आहे, इथून खालचे सगळे रस्ते दिसत असतील. मजा आहे.’ कड्यावर उभ्या पोराखाली, ज्याच्यामागे कुत्रं लागलंय: ‘पलीकडे बर्फाचे डोंगर आहेत. खाली उतरायला वाट असेलच, चित्रात दाखवली नाही.’ दोन मनोरे आणि मधून जाणारी वाट: ‘वाट सुरेख काढली आहे.’ आणि दुसऱ्या ओळीत कधी तांबट आळी, कधी बोळ. कधी नुसतं: ‘आज पिशवी ठेवून निघालो.’ अभ्यासाबद्दल एकही ओळ नव्हती. खुर्चीबद्दल तर नव्हतीच.

मी पुढे पुढे पानं उलटत मागच्या नकाशांपर्यंत आलो तेव्हा काकूंना ते दिसले. त्यांनी परवानगी न विचारता वही ओढून घेतली.

“हे तुम्ही काढलंय?”

“टाइमपास.”

“हा बोळ इथे असा वळतो, बरोबर आहे. माझं माहेर आहे तिथे.” त्या बराच वेळ त्या रेघेवरून बोट फिरवत राहिल्या. “नागपूरकर, मी चाळीस वर्षं मुलांची चित्रं तपासली. टाइमपास म्हणून काढलेलं मला ओळखू येतं. हे तसं नाही.”

मी खोलीत गेलो आणि दार लावून बाबांना फोन लावला. साडेअकराची वेळ, बाबा कचेरीबाहेरच्या बाकावर असणार.

“बाबा, आज फॉर्मची शेवटची तारीख आहे.”

“हो. ठाऊक हाय मले.”

म्हणजे त्यांना तारीख माहीत होती. मी जे दोन महिने वाक्य जुळवत होतो ते सगळं विसरलो. “मी भरत नाही,” एवढंच म्हणालो.

पलीकडून कचेरीच्या आवारातला आवाज आला. कुणीतरी मोटरसायकल सुरू करत होतं, ती होत नव्हती.

“पक्कं हाय?” बाबांनी विचारलं.

“पक्कं.”

“बरं झालं बाबू.” त्यांनी मोठा श्वास सोडला, तो मला इथे ऐकू आला. “मले वाटे तू आनखी एक साल म्हनशीन. मंग मले हो म्हना लागलं असतं.”

“पण तुम्हाला पाहिजे होतं ना, त्या खुर्चीत मी...”

“म्या कधी म्हनलं?”

मी आठवायला लागलो.

“तूच म्हनला होता,” बाबा म्हणाले. “बी.ए.चे पेढे वाटाले आला होता कचेरीत. सायबाच्या केबिनीत उभा राहून म्हनला, एक दिवस मी इथंच बसतो. समदे टाळ्या वाजवून राह्यले होते. मी का नाई म्हनू? तुले पायजे तं मले पायजे.”

ते खरं होतं. मला तो दिवस लख्ख आठवला, पेढ्यांच्या खोक्यासकट. पाच वर्षं मी बाबांचं स्वप्न म्हणून जे डोक्यावर घेऊन हिंडत होतो, ते माझंच बोलणं होतं, बाविसाव्या वर्षी फुशारकीत केलेलं. ते त्यांनी खाली पडू दिलं नव्हतं इतकंच. आणि परत घे म्हणायलाही ते धजले नव्हते. मी नाराज होईन म्हणून.

“आता काय करशीन?” त्यांनी विचारलं.

“नकाशे काढायचं बघतो.”

“थे जमते तुले. लहानपनी धुळीत काढे,” बाबा म्हणाले. मग जरा थांबून, “चहावाल्याले मी सांगतो. तू नोको सांगू.”

फोन ठेवून मी खाटेवर आडवा झालो आणि भर दुपारी, उघड्या खिडकीत, चार तास झोपलो. उठलो तेव्हा फॉर्मची वेळ संपायला अजून अवकाश होता. मी तो भरला नाही. खाली जाऊन भेळ खाल्ली. इतकी चांगली भेळ मी आधी कधी खाल्ली नव्हती, आणि नंतर त्याच गाडीवर बऱ्याचदा खाऊनही ती तशी लागली नाही.

कॉलेजमधला एक वर्गमित्र हिंजवडीत नकाशे बनवणाऱ्या कंपनीत होता. उपग्रहाच्या चित्रावरून रस्ते, शेतं, ओढे संगणकावर उमटवायचे, असं काम. त्याने मला आधी दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा मी त्याला सांगितलं होतं की मी साहेब होणार आहे. तिसऱ्या वेळी मीच त्याला विचारलं. मुलाखतीला प्रमाणपत्राबरोबर वहीची मागची पानं नेली. आज त्या कामाला साडेतीन वर्षं झाली. कंपनीची बस सकाळी लवकर निघते आणि वाकडच्या पुढे रोज अडकते. पत्ता मी आता बसमध्ये काढतो. शेजारी बसणारे पहिले काही दिवस विचारायचे, “जॉबचं काही निघतंय का बघ ना.” आता विचारत नाहीत. मी स्वतःची गड्डी घेतली आहे. खोली मात्र तीच आहे, त्यामुळे रंगीत टिपणं अजून काकूंच्या साड्यांखालीच आहेत.

गेल्या वर्षी बाबा निवृत्त झाले आणि पहिल्यांदा पुण्याला आले. रविवारी सकाळी मी त्यांना काकूंकडे चहाला नेलं. बाबा खुर्चीच्या कडेवर बसले. साहेबांच्या घरी बसायची सवय नाही, म्हणून कडेवर. काकूंच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी काही विचारपूस केली नाही, गड्डी पिसली, एक पत्ता काढून डब्याला टेकवला. “बघा बरं, काय दिसतंय तुम्हाला.”

दगडी सिंहासनावर दाढीवाला राजा बसला होता. मी नेहमीप्रमाणे त्याच्यामागचे उघडेबोडके डोंगर बघितले आणि तळाशी दिसणारं बारीक पाणी बघितलं.

बाबांनी पत्ता हातात घेतला, लांब धरला, मग जवळ आणला. खूप वेळ बघितला, दोन मिनिटांपेक्षा जास्तच.

“याच्या खुर्चीले गादी नाई,” ते म्हणाले. “आन् पान्याचा गिलासबी कोनी ठेवला नाई. सकाळपासून बसला असन बिचारा.”

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग बाबांकडे बघितलं. बिस्किटांचा डबा उघडून त्यांच्यापुढे सरकवला.

“नागपूरकर, हे तुमच्यापेक्षा चांगलं बघतात.”

“यवतमाळ,” बाबा म्हणाले, आणि खुर्चीत नीट मागे टेकून बसले.

“बरं,” काकू म्हणाल्या. “यवतमाळ.”